चांगल्याच्या उलट

विरुद्धार्थी शब्द ही शाळामास्तरांनी आपल्या सोयीसाठी काढलेली एक युक्ती असावी, असे मला पुष्कळ दिवस वाटत आले आहे. जगात वस्तू असतात, माणसे असतात, ऋतू असतात. त्या प्रत्येकाला एक उलटी बाजू असतेच असे नाही. आंब्याच्या उलट काय? आत्याच्या उलट काय? पण फळ्यावर मधोमध एक उभी रेघ ओढावी आणि डाव्या अंगाला एक शब्द लिहावा, की उजवीकडची मोकळी जागा लगेच भुकेल्यासारखी दिसू लागते. काहीतरी तिच्या तोंडी घालावेच लागते. मी स्वतः तीस-बत्तीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले, तेव्हा ही रेघ मी किती वेळा ओढली असेन याची गणतीच नाही. डावीकडे 'गुड', उजवीकडे 'बॅड'. पोरे ओरडून पाठ म्हणत, मी खडू झटकी, आणि पुढच्या जोडीकडे वळे.

आता निवृत्त होऊन घरी बसल्यावर मात्र ती रेघ मला स्वस्थ बसू देत नाही. आणि तिचा विचार करू लागलो की मी हटकून चिखल्याला जाऊन पोचतो.

चिखला हे भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यातले गाव. तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणारा आगगाडीचा फाटा आहे. त्या वाटेवर गोबरवाही लागते, आणि तिथून जवळच आमचे गाव. भोवती धानाच्या बांध्या, त्यांच्यापलीकडे साग-मोहाचे रान, आणि उत्तरेला सातपुड्याच्या सोंडा उतरून येतात तिथे मध्यप्रदेशाची हद्द. नावात चिखल आहे खरा. पण आम्हा पोरांच्या पायांना जो चिकटे तो काळा असे. तो मॅंगनीजचा. पाऊस पडला की खाणीकडून येणारे ओहळ शाईसारखे वाहत, आणि उन्हाळ्यात तीच शाई वाळून धुळीच्या रूपाने दांडीवरच्या धोतरांवर बसे. परक्या गावी गेलो की तिथली तांबडी किंवा पांढरी धूळ पाहून मला प्रथम चमत्कारिक वाटे. धुळीचा धर्म काळाच, अशी माझी समजूत होती.

अशा गावात इंग्रजी शाळेच्या वाटेने येत नाही. ते खाणीच्या वाटेने अगोदरच येऊन बसलेले असते. इंग्रजीचे पुस्तक माझ्या हाती पाचवीत पडले. त्या वेळी साऱ्या महाराष्ट्रात तोच शिरस्ता होता. पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते पुढे २००० साली. पण त्या पुस्तकाच्या कितीतरी आधी 'शिफ्ट', 'टब', 'ग्रेड', 'डंप', 'फाइन', 'वेस्ट' हे शब्द मी आईच्या दुधाबरोबर नसले, तरी आईच्या डब्यातल्या भाकरीबरोबर गिळले होते. कारण माझी माय खाणीवर सॉर्टिंगच्या कामाला होती.

जमिनीखाली उतरायचे ते पुरुषांनी. बायकांनी खाणीच्या पोटात उतरू नये असा १९५२ च्या खाण कायद्याचा दंडक होता, आणि तो कितीतरी वर्षे, २०१९ मध्ये काही अटींवर सैल होईपर्यंत, तसाच राहिला. वर आलेला दगड निवडायचा ते बायकांनी. समोर ढीग, हातात हातोडी, शेजारी घमेले. माय डाव्या हाताने गोटा उचली, क्षणभर तळहातावर खेळवी, मग त्यावर हातोडीचा एक ठोका देई. त्या एका क्षणात निवाडा झालेला असे. चांगला गोटा एकीकडे, कामाचा नसलेला दुसरीकडे.

आता आमच्या झाडीच्या बोलीत 'चांगला' हा शब्द फक्त पाव्हण्यासमोर किंवा पुस्तकात वापरायचा. घरातला शब्द 'बेस'. भात बेस झाला, पाऊस बेस पडला, सून बेस आहे. आणि कचऱ्याचा दगड तो 'वेस्ट'. पण जोडाक्षर आणि हातोडी एका दमात चालवणे कठीण. म्हणून बायका त्याला नुसते 'वेस' म्हणत. "बेस गोटा इकडे, वेस गोटा तिकडे," असे नव्या बाईला पहिल्या दिवशी सांगत. एक शब्द फारसीतून आलेला, दुसरा इंग्रजीतून. दोघांची गाठ पडली ती चिखल्याच्या ढिगाऱ्यावर, आणि पडली तीही अशी की जन्माचे जुळे वाटावेत. लिहायला बसले तरी फरक केवढा? 'व'च्या पोटात एक तिरपी रेघ ओढली की झाला 'ब'.

पाचवीत गुरुजींनी पहिल्यांदा ती उभी रेघ ओढली तेव्हा माझ्या डोक्यात ही जोडी तयारच होती. गुरुजी भंडाऱ्याकडून नुकतेच बदलून आलेले, अंगावर अजून पांढरे कपडे. त्यांनी सोपा प्रश्न म्हणून विचारले, "फाइन म्हणजे काय, कोण सांगेल?" निम्मा वर्ग एका सुरात ओरडला, "चुरा!"

गुरुजी थक्क झाले. त्यात त्यांचा दोष नव्हता. खाणीवर मोठ्या ढेकळांना मान. ती फुटून जी भुकटी आणि बारीक खडी उरते तिला 'फाइन' म्हणतात, आणि तिला भाव कमी. ढेकळाचा फाइन झाला म्हणजे नुकसान झाले, एवढे तर आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही कळत होते. गुरुजींनी मान हलवली आणि पुन्हा विचारले. या वेळी मागच्या बाकावरचा एकजण उठून म्हणाला, "दंड!" त्याच्या काकाला आदल्याच आठवड्यात विनातिकीट तुमसरला जाताना तो पडला होता. गुरुजींनी हताश होऊन फळ्यावर लिहिले : फाइन म्हणजे छान. आम्ही ते उतरून घेतले, पण कोणाचाही विश्वास बसला नाही.

पुढे कॉलेजात मी शब्दांच्या कुळांची पुस्तके चाळू लागलो तेव्हा त्या वर्गाची मला फार आठवण आली. छान, दंड आणि बारीक, हे तिन्ही अर्थ एकाच घरातले निघाले. लॅटिनमध्ये 'फिनिस' म्हणजे शेवट. जे शेवटाला नेले, पूर्णतेला पोचवले, ते उत्तम. घडवून घडवून नाजूक केले ते बारीक. आणि ज्या पैशाने तंट्याचा शेवट होतो तो दंड. तेव्हा गुरुजी, मागच्या बाकावरचा तो मुलगा आणि आम्ही उरलेले, सगळेच बरोबर होतो. फक्त एकाच शब्दाच्या तीन टोकांना उभे राहून एकमेकांकडे संशयाने पाहत होतो.

'बेस'ची गंमत याहून कडू आहे. हा शब्द फारसी 'बेश'पासून आला. 'बेश' म्हणजे अधिक. 'कमोबेश'मध्ये तोच बसला आहे. अधिक ते चांगले, असा त्याचा भोळा हिशेब. आठवीत की नववीत मला इंग्रजीत एक शब्द भेटला. उच्चार 'बेस'च. मी हरखून वीरकरांचा कोश उघडला, आणि वाचले : नीच, हलका, अधम. क्षणभर कोणी कानशिलात मारावी तसे झाले. आमच्या घरात चांगल्याला जो शब्द, तोच साहेबाच्या घरात वाइटाला! पुढे कळले की तो वेगळाच शब्द आहे, उत्तरकालीन लॅटिनमधल्या 'बासुस'पासून, म्हणजे ठेंगणा, खालचा, यापासून आलेला. दोघांचे काही नाते नाही. सोने-चांदी या उच्च धातू, आणि तांबे, शिसे, जस्त या 'बेस' धातू, अशी ती वर्णव्यवस्था. पण कळून काय उपयोग? त्या दिवसापासून माय "बेस" म्हणाली की माझ्या कानात दुसरा एक आवाज उमटू लागला. शिक्षणाने मला दिलेल्या पहिल्या देणग्यांपैकी ही एक. मायच्या शब्दाची मला लाज वाटू लागली, आणि मी घरातही 'चांगले', 'छान', 'उत्तम' असे बोलू लागलो. मायला ते कळले असावे. ती काही बोलली नाही; पण माझ्याशी बोलताना तीही अधूनमधून 'छान' म्हणू लागली, आणि ते तिच्या तोंडी नव्या चपलेसारखे करकरे.

खाणीच्या कारभाराची भाषा पहिल्यापासून इंग्रजी. १८९६ साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट निघाली; तिचीच पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मॅंगनीज ओअर कंपनी झाली. १९६२ मध्ये भारत सरकार, महाराष्ट्र व मध्यप्रदेश यांनी मिळून एक्कावन्न टक्के भांडवल घेतले आणि मॅंगनीज ओअर इंडिया ही कंपनी उभी राहिली. १९७७ मध्ये उरलेला इंग्रजी हिस्साही संपला. साहेब गेले, कागदावरचे शब्द राहिले. ते असे साहेबांबरोबर जातही नसतात. एका साहेबाने मात्र जाण्यापूर्वी आमच्या बाजूचा एक शब्द इंग्रजीत नेला. भूगर्भ खात्याचे फर्मोर यांनी १९०९ साली हिंदुस्थानातल्या मॅंगनीजवर हजाराहून अधिक पानांचा ग्रंथ लिहिला, आणि या पट्ट्यात मॅंगनीजच्या सोबतीने सापडणाऱ्या एका खडकाला नाव दिले 'गोंडाइट'. या रानातल्या गोंडांवरून. ज्या माणसांना कोणी 'अडाणी' यापलीकडे विशेषण लावले नव्हते, त्यांचे नाव जगभरच्या खडकशास्त्रात जाऊन बसले. गोंडांना त्याचा पत्ता नव्हता, ही गोष्ट निराळी.

माय शाळेत गेली नव्हती, पण मॅंगनीजबद्दल तिला जे ठाऊक होते ते मी फार उशिरा पुस्तकात वाचले. एकदा मी तिला विचारले, "सगळेच दगड काळे. तुला कळतं कसं?" तिने माझ्या दोन्ही हातांत दोन गोटे ठेवले. आकाराने सारखे, धुळीने सारखेच काळे. म्हणाली, "डोऱ्यानं नको पाहू, बाबू. हातानं पाय." एक हात आपोआप खाली गेला. मॅंगनीजच्या चांगल्या खनिजाचे वजन तेवढ्याच पाण्याच्या पावणेपाच पटीच्या आसपास भरते, गारगोटीचे २.६५ पट. ज्या दगडात गार जास्त तो हातावर पोकळ वाटतो. भारी तो चांगला, हलका तो वाईट. मराठीत हे दोन्ही शब्द त्याच अर्थाने वापरले जातात, आणि आपण बोलताना कधी हातावर काही तोलत नाही. भारी साडी, भारी तांदूळ. हलका माणूस, हलकी जात. मायच्या तळहातावर ते शब्द अजून दगड होते.

आणि ती हातोडी? ती मी कित्येक वर्षे फोडण्यासाठीच आहे असे समजत होतो. प्रत्यक्षात ती सोडवण्यासाठी होती. अर्धा गोटा चांगला आणि अर्धी गार, असे किती तरी असत. असा गोटा अनुभव नसलेली बाई सरळ 'वेस'मध्ये टाकी. माय तो फिरवून फिरवून पाही, जोड कुठे आहे ते शोधी, आणि नेमका तिथे ठोका घाली. गार एकीकडे गळून पडे, मॅंगनीज हातात राही. "फेकाले काय लागते," ती म्हणे, "फेकणं कोनालेही येते."

चांगले आणि वाईट यांच्यामध्ये रेघ आहे की टक्केवारी, या प्रश्नाचे उत्तर खाणीवाल्यांनी केव्हाच देऊन टाकले आहे. नमुना प्रयोगशाळेत जातो आणि आकडा घेऊन परत येतो. त्यात मॅंगनीज शेकडा शेहेचाळिसाच्या वर म्हणजे उच्च, पस्तिसाच्या वर म्हणजे मध्यम, त्याखाली हलके. पण आकडाही शेवटी गिऱ्हाइकाच्या गरजेवर उभा असतो. आमच्या लहानपणी आम्ही ज्या ढिगाऱ्यांवर घसरगुंडी खेळलो ते सारे 'वेस'चे डोंगर. या पट्ट्यात तसले जुने ढिगारे पुढे पुन्हा उपसले गेले, धुतले गेले, चाळले गेले. कारण दरम्यान सिलिको-मॅंगनीजच्या भट्ट्या आल्या होत्या आणि चांगला दगड कमी होत चालला होता. काल ज्याला 'वेस' म्हटले त्याच्या पोटात आज रेघ पडली.

मॅंगनीजचा स्वभावच असा अडचणीत टाकणारा. १८५६ मध्ये बेसेमरने पोलाद करण्याची नवी रीत काढली, पण ते पोलाद तापवून ठोकायला घेतले की तडकू लागले. लोखंडातला गंधक आणि भट्टीतला प्राणवायू त्याचा घात करत होते. मशेट नावाच्या गृहस्थाने त्यात थोडे मॅंगनीज घातले. ते गंधकाला आपल्याकडे ओढून घेते, आणि पोलाद शहाण्यासारखे वागू लागते. म्हणजे थोडे मॅंगनीज चांगले. पण ते चार-पाच टक्क्यांवर नेले तर पोलाद काचेसारखे ठिसूळ होते; म्हणजे जास्त वाईट. इथे कोणीही शहाणा माणूस थांबला असता. हॅडफील्ड थांबला नाही. १८८२ मध्ये त्याने ते आणखी वाढवत बारा-तेरा टक्क्यांवर नेले, आणि ठोकावे तितके कठीण होत जाणारे पोलाद त्याच्या हाती आले. रुळांच्या सांध्यांवर, दगड फोडण्याच्या यंत्रांच्या जबड्यांत तेच लागते. वाइटाच्या पलीकडे पुन्हा चांगले होते. माझ्या फळ्यावरच्या रेघेला दोनच बाजू होत्या.

मग मी 'बॅड' शब्दाच्याच मागे लागलो. 'गुड'च्या उलट 'बॅड' हे मी पोरांना असे सांगत आलो होतो की जणू दोघे एकाच मुहूर्तावर जन्मले. तसे नाही. 'गुड' फार जुना; 'बॅड' तेराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत डोकावतो, आणि त्याचे मूळ काय याबद्दल कोशकारांचे एकमत नाही. त्याच्या आधी त्या जागेवर 'ईव्हिल' बसलेला होता. 'वर्स' आणि 'वर्स्ट' ही तर त्याची लेकरे; बॅडने घर बळकावले आणि लेकरेही दत्तक घेतली. 'इल' हा उत्तरेकडून समुद्रमार्गे आलेल्या लोकांचा. तो वाईट आणि आजारी या दोन्हींसाठी चालतो, जसे आपण "त्याला बरं नाही" म्हणतो तेव्हा बऱ्याच्या अभावालाच दुखणे ठरवतो.

आणखी खोदले तेव्हा मात्र हात थबकला. 'व्हिलन' म्हणजे दुष्ट, खलनायक; तो मूळचा कोण? जमीनदाराच्या वाड्यावर राबणारा कुळवाडी. 'मीन' म्हणजे क्षुद्र. मूळचा अर्थ सर्वसामान्य, चारचौघांच्या सामाईक मालकीचे. 'बूर' म्हणजे असभ्य, मूळचा शेतकरी. 'नॉटी' तर आपण लाडाने लेकरांना म्हणतो. तो निघाला 'नॉट' म्हणजे शून्यापासून, आणि एके काळी त्याचा अर्थ होता ज्याच्यापाशी काही नाही असा. ज्याच्यापाशी काही नाही तो गरीब. गरीब तो वाईट. आणि मग शेकडो वर्षांनी वाईट तो खोडकर. चांगल्याच्या उलटचे शब्द शोधत मी गेलो, आणि इंग्लंडातल्या शेतांवर राबणाऱ्या माणसांच्या रांगेपाशी जाऊन पोचलो. आपल्याकडचे 'गावंढळ', 'हलकट', 'नीच' हे शब्द आठवून पाहा. माणसे जिथे उभी केली होती त्या जागांचीच ती नावे. चांगल्या माणसांनी चांगल्याच्या उलट काय असते ते ठरवताना फार लांब पाहिले नाही. अंगणापलीकडे जो वाकून काम करत होता त्याच्याकडे बोट दाखवले.

हे सगळे मी इतक्या शहाणपणाने सांगतो आहे, पण ते मला पुस्तकाने शिकवले असे म्हणणे खोटे होईल. १९९१ सालची गोष्ट. मी तालुक्यातल्याच एका शाळेत इंग्रजी शिकवत होतो. सहामाहीची प्रगतिपुस्तके भरायची होती, आणि शेऱ्याच्या रकान्यात इंग्रजी शब्द लिहिण्याची मला हौस. 'गुड', 'फेअर', 'पुअर'. तीन घमेली. साठ पुस्तके तासाभरात भरून झाली.

चार दिवसांनी एक मनुष्य शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. बांधीतून तसाच आलेला. पोटऱ्यांपर्यंत चिखल वाळला होता. धान कापणीचे दिवस, एका दिवसाची मजुरी बुडवून आला असणार. हातात आपल्या मुलाचे प्रगतिपुस्तक, धडप्यात गुंडाळलेले. त्याने ते काळजीपूर्वक सोडले, शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवले आणि विचारले, "गुरुजी, हे काय लिवलं जी?"

मी म्हणालो, "पुअर."

"मंजे? शेजारच्या पोराच्या कितबीत पाहलं. त्यात तं गरीब लिवलं आहे."

मी काही बोलण्याच्या आत तोच पुढे म्हणाला. आवाजात राग नव्हता, हेच जास्त लागले. "गरीब आहोत ते आमाले मालूम आहे जी. ते काहून लिवलं? पोरगा शिकण्यात कसा आहे, ते लिवा."

मी त्याला समजावले, की या शब्दाचा इथे अर्थ गरीब असा नाही. इथे त्याचा अर्थ कमी, कच्चा, असा आहे. त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, "एकच शब्द आहे का जी त्यायच्याजवळ दोघायसाठी?" आणि पुस्तक पुन्हा धडप्यात गुंडाळून निघून गेला.

मला याचे हसू आले, हे कबूल केले पाहिजे. शिक्षकांच्या खोलीत मी तो किस्सा सांगितला, सगळे हसले. संध्याकाळी घरी मायलाही तो रंगवून सांगितला. ती तेव्हा कामावरून निवृत्त झाली होती, पण तिच्या बोटांच्या रेघांतला काळेपणा काही निवृत्त झाला नव्हता. ती तांदूळ निवडत होती. हसली नाही. सुपातला एक खडा बाजूला काढून म्हणाली, "मंग? पोराले पाहलं का तू?"

"म्हणजे?"

"हातात घेऊन पाहलं का?"

मी त्या मुलाला हातात घेऊन पाहिले नव्हते. त्याचा पेपर पाहिला होता, तो ढिगातला पंचेचाळिसावा की शेहेचाळिसावा असेल. दुसऱ्या दिवशी मी तो शोधून काढला. स्पेलिंगे सगळी चुकलेली. पण चुकलेली कशी, तर शब्द कानाला जसा ऐकू येतो तसा त्याने प्रामाणिकपणे उतरवला होता. कानाचा तो पोरगा पक्का होता. डोळ्यासमोर कधी पुस्तक आलेले नव्हते, एवढेच. जोड कुठे आहे ते स्पष्ट दिसत होते. तिथे एक ठोका घालायला मला कोणी बंदी केली नव्हती.

सोमवारी तो वर्गात नव्हता. त्या आठवड्यातही आला नाही. चौकशी केली तेव्हा कळले की कापणी संपली की घरची सगळी माणसे कामासाठी बाहेरगावी जायची, ती गेली. पोरालाही घेऊन गेली. जाणार होतीच, माझ्या शेऱ्यामुळे गेली नाहीत, असे हेडमास्तरांनी मला समजावले. ते खरेही असेल. पण दरवर्षी ती मार्चमध्ये परत येत आणि मुलगा वर्गात येऊन बसे, असेही त्यांनीच सांगितले. त्या वर्षी माणसे परत आली. मुलगा शाळेत आला नाही. मी त्याच्या घरी दोनदा गेलो. दुसऱ्या वेळी तो भेटला. नमस्कार केला, पाणी दिले, आणि शाळेचे नाव काढताच हसून म्हणाला, "नाही जी, मले नाही जमत ते." कोणी शिकवले होते त्याला हे वाक्य? मी पाणी पिऊन परत आलो.

त्यानंतर प्रगतिपुस्तकात मी इंग्रजी शेरे लिहिले नाहीत. मराठीत दोन वाक्ये लिहू लागलो. मुलाला काय येते ते आधी, काय येत नाही ते नंतर. वेळ फार जाई. सहकारी थट्टा करत. वर्गात फळ्यावर रेघ ओढणे मात्र सुटले नाही. परीक्षेत पाच मार्कांना विरुद्धार्थी शब्द होते.

२००९ च्या हिवाळ्यात माय आजारी पडली. छाती भरून आली होती, वयही झाले होते. इस्पितळात खाटेच्या पायथ्याशी एक फळी टांगलेली असते आणि तिला कागद अडकवलेला असतो. माणसाचे नातेवाईक तो कागद वाचू नये वाचू नये म्हणत वाचतात. मी तर इंग्रजीचा मास्तर. वरच्याच ओळीत लिहिले होते : सर्वसाधारण स्थिती, पुअर. डॉक्टर भला माणूस होता, शब्दही त्याच्या शास्त्रातला नेहमीचाच होता. पण तो शब्द मी ओळखत होतो, आणि त्यालाही मी ठाऊक होतो.

मी खाटेशी बसलो. तिचा हात उशाशी होता, तळवा वर, बोटे किंचित मिटलेली, गोटा तोलताना असत तशी. मी तो हातात घेतला. फार हलका झाला होता.

"माय," मी विचारले, "कसं वाटते?"

तिने डोळे उघडले. माझ्याकडे पाहून 'छान' म्हणावे की काय, असा विचार तिच्या चेहऱ्यावर आला आणि गेला.

"बेस आहे, बाबू," ती म्हणाली.

कितीतरी वर्षांनी त्या शब्दामागे मला दुसरा कुठलाही आवाज ऐकू आला नाही.